चौदा दुधाळ नळ्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. दूध तापवण्याआधी मी ते दोनदा हुंगते. कुलूप लावून चार पायऱ्या उतरले की परत वर जाते आणि ते ओढून बघते. कुणी ‘अगदी खरं सांगतो’ म्हणालं की माझे कान टवकारतात. घरचे याला खोड म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र याच खोडीमुळे नव्या नमुन्यांची पेटी आधी माझ्याच टेबलावर येते.

त्या सोमवारी वॉर्ड अकराची पेटी आली. साठ घरं, साठ माणसं, साठ नळ्या. शहरात विषाणू नक्की किती जणांना होऊन गेला हे दवाखान्यातल्या रांगा मोजून कळत नाही. निम्मे लोक घरीच अंगावर काढतात, काहींना तर झालेलं कळतही नाही. पण होऊन गेलेल्या आजाराच्या अँटिबॉडी काही महिने रक्तात राहतात, त्या आम्ही शोधतो. प्रत्येक वॉर्डात आधीच ठरवलेली साठ घरं, घरटी एक माणूस, दंडातून एक नळी रक्त. त्यावरून त्या वॉर्डाचा आकडा ठरतो.

आकड्याला या वेळी फार महत्त्व आलं होतं. तात्पुरते तापाचे दवाखाने पुरत नव्हते. म्हणून ठरलं होतं की ज्या वॉर्डात शंभरात पंचेचाळीसपेक्षा जास्त लोकांना आजार होऊन गेलाय, तिथला दवाखाना उचलायचा आणि दुसरीकडे न्यायचा. गुरुवारी अहवाल, शुक्रवारी हलवाहलव.

आणि वॉर्ड अकराचे नमुने गोळा करणारा होता माझा धाकटा भाऊ, ढब्बू. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून हे नाव पडलं, आता तिशी आली तरी सुटलेलं नाही. दोन वर्षं घरी बसून होता. शेवटी मीच आमच्या प्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि रक्त काढायचा कोर्स त्याने केलेला असल्यामुळे तो लागला. त्याच्या पहिल्या दिवशी मी त्याला बजावलं होतं, ‘माझं नाक कापू नकोस.’

नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की लाल भाग खाली बसतो आणि वर सीरम येतं. पिवळसर आणि नितळ. रक्तात चरबी जास्त असली की ते दुधाळ दिसतं. अशा दोन-तीन नळ्या कुठल्याही वॉर्डात निघतात. त्या दिवशी मी स्टँडवर नळ्या लावत गेले आणि मोजत गेले. चौदा नळ्या दुधाळ होत्या.

शंकेची पाल तिथेच चुकचुकली. मी आधी स्वतःलाच समजावलं, एखाद्या वस्तीचं खाणंच तसं असेल. पण चौदा नळ्यांचा दुधाळपणाही सारखाच होता, अगदी एका भांड्यातून ओतल्यासारखा.

दुपारी सीरमच्या थेंबांची प्लेट मशीनमधून निघाली. बाकीच्या शेहेचाळीस नळ्यांचे आकडे जिकडेतिकडे विखुरलेले होते, कुठे शून्य पूर्णांक दोन, कुठे नऊ. त्या चौदांचे मात्र चार पूर्णांक एक ते चार पूर्णांक तीन. सगळ्या पॉझिटिव्ह.

माझा पहिला संशय गेला दुर्बिणीवर. दुर्बीण म्हणजे माझा सहकारी, जाड भिंगांचा चष्मा लावतो म्हणून. प्लेटमध्ये थेंब टाकायचं काम त्याचं. गप्पांच्या नादात याने एकाच नळीतून प्लेटमधले चौदा खळगे भरले असणार, असं मी धरूनच चालले.

“सकाळी कुणाशी बोलत होतात?” मी विचारलं.

“तुमच्याशीच बोलत होतो. तुम्ही मला झाकणं मोजायला लावत होतात.”

“प्लेट परत लावा. माझ्यासमोर.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बाई, तुमच्या घरी आरसा असेल ना? त्याच्यावरही तुमचा विश्वास नसेल.” पण त्याने प्लेट परत लावली, आणि मी त्याच्या खांद्याशी उभी राहून एकेक थेंब बघितला. आकडे तेच आले. दुर्बीण आपला चहा घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. त्याची माफी मागायचं माझ्या मनात आलं होतं, पण मी मागितली नाही.

मग उरलं एकच. नळ्या चौदा होत्या, माणूस एक होता.

मंगळवारी सकाळी मी शेजारच्या रक्तपेढीतून ए आणि बी गटाच्या पेशी मागून आणल्या. सीरममध्ये त्या पेशींचा थेंब टाकला की ज्या गटाशी त्याचं वाकडं असतं त्याच्या गुठळ्या होतात. ए गटाच्या माणसाचं सीरम बी पेशींच्या गुठळ्या करतं, बी गटाचं ए पेशींच्या, आणि ओ गटाचं दोन्हींच्या. चौदाच्या चौदा नळ्यांत एकही गुठळी झाली नाही. म्हणजे गट एबी. हा गट शंभरात जेमतेम सात-आठ जणांचा. चौदा अनोळखी घरांत चौदा एबी निघणं शक्यच नाही.

ढब्बूने स्वतःचंच रक्त भरलं की काय, असं आधी मनात आलं. मग मला आठवलं की ढब्बूचा गट बी आहे, आणि मला एकदम हलकं वाटलं. त्याने स्वतःचं रक्त भरलेलं नाही. हे कळल्यावर कुणाही बहिणीने थांबावं. मी थांबले नाही. बी नाही म्हणजे याचा कुणीतरी साथीदार आहे, असं माझ्या डोक्याने लगेच जोडलं. त्याच्याबरोबर वॉर्डात एक आरोग्यसेविका फिरायची. तिला मी दोनदाच पाहिलं होतं, आणि ती जरा जास्तच हसते असं माझं तेव्हाच मत झालं होतं.

मी फॉर्मची यादी घेतली आणि जेवायच्या सुट्टीत वॉर्ड अकरा गाठला.

यादीतलं एक घर चौथ्या मजल्यावर होतं. फॉर्मवर लिहिलेलं, पुरुष, वय एकोणीस, विद्यार्थी. मी दार वाजवलं. साखळी न काढता एका म्हाताऱ्या शिंप्याने फटीतून पाहिलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी.

“एकोणीस वर्षांचा मुलगा इथेच राहतो ना?”

त्याने टाचणी काढली. “या घरात मी आणि माझं मशीन. दोघांचं वय मिळून शंभराच्या पुढे आहे.”

“गेल्या आठवड्यात तुमचं रक्त घेऊन गेले का?”

“आला होता एक जण. तीनदा आला. सकाळी, संध्याकाळी, रविवारी. जाडजूड, घामाने निथळत होता. मी नाही म्हटलं. मागल्या वर्षी समोरच्यांनी नाक पुसायची काडी घालू दिली, दुसऱ्या दिवशी दारावर लाल कागद लागला आणि माणसाला गाडीत घालून नेलं.” त्याने विचारलं, “तुम्ही पण त्यातल्याच ना?”

“आता तसं काही करत नाहीत. हे फक्त होऊन गेलेलं तपासतात.”

“मागल्या वर्षी पण ‘फक्त’च म्हणाले होते.” दार लावता लावता तो थांबला. “त्या पोराला तिसऱ्यांदा मी साधं पाणीही विचारलं नाही. नंतर वाईट वाटलं मला.”

मी जिना उतरले. आमचा नियम आमच्या लोकांनाच कळतो. घर ठरलं म्हणजे ठरलं, दार उघडलं नाही म्हणून शेजारच्याचं रक्त घ्यायचं नाही. तीन वेगळ्या वेळी जायचं, तरी नाही म्हणाले तर ‘नकार’ लिहायचं. पण साठांत सहापेक्षा जास्त नकार झाले की अख्खा वॉर्ड बाद, आणि गोळा करणाऱ्याची पुढच्या फेरीतून गच्छंती. चौदा नकार म्हणजे ढब्बू पुन्हा घरी.

तापाचा दवाखाना जवळच्याच शाळेच्या हॉलमध्ये होता. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. एक बाई नाकाला नळी लावून भिंतीला टेकली होती, तिचा नवरा पंख्याची दिशा सारखी बदलत होता. सेविका नोंदवहीशी बसली होती. मला बघून ती हसली, आणि मी लगेच तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. आमच्या सगळ्यांच्या ओळखपत्रावर रक्तगट छापलेला असतो. तिचा ओ होता.

“ताई, खरंच हा दवाखाना हलवणार आहेत का हो?” तिने विचारलं. “इथून पुढचा दवाखाना नदीपलीकडे आहे. ही माणसं कशी जातील तिकडे? परवा एका आजोबांना खुर्चीत बसवून आणलं, तेव्हा कुठे वाचले.”

“ते आकड्यावर आहे.” मला तिच्याकडे बघवेना. “माझा भाऊ काम नीट करतो का?”

“सोन्यासारखा माणूस. लोक तोंडावर दार आपटतात, पण उलट बोलत नाही. एकच आहे, दुपारी जेवायला घरीच जायचं असतं त्यांना. आईच्या हातचं लागतं म्हणे.” ती पुन्हा हसली. “आणि घरून आले की पिशवीत दोन-तीन नळ्या वाढलेल्या असतात. मी विचारलं, तर म्हणाले, वाटेत उरलेली घरं करून आलो.”

मी बाकावर बसले.

शिकत असताना सराव म्हणून मी घरातल्या सगळ्यांचे गट तपासले होते. बाबा ओ, मी ए, ढब्बू बी. आई एबी. तिच्या रक्तात चरबी जास्त आहे म्हणून दर सहा महिन्यांनी मीच तिच्या मागे लागते. कालपासून मी तिचीच नळी हातात धरून उजेडात फिरवत होते, आणि जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेऊन झाला होता, तिचं नाव सोडून.

संध्याकाळी मी आईकडे गेले. साथ सुरू झाल्यापासून मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एकटीच राहते. नमुन्यांत हात घालणारी मी, आईच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा माझाच नियम. रविवारी जिन्याच्या वळणावर उभी राहायचे, ती वर दारात यायची, अंगावर शाल. पंधरा मिनिटं बोलून मी परत. त्या दिवशी मी वळणावर थांबले नाही.

“अगं, वर कशी आलीस?” आई खुर्चीतून उठली.

“आई, हात दाखव.”

“आल्या आल्या हात काय? बस तरी आधी.”

मी तिची शाल बाजूला केली. दोन्ही कोपरांच्या खोबणीत डाग होते, काही पिवळे पडलेले, दोन अजून निळे. ढब्बू आतून टॉवेलने तोंड पुसत आला आणि दारातच खिळला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

“चौदा वेळा?” माझा आवाज चिरकला. “चौदा वेळा सुई टोचलीस तिला?”

“पाच वेळा, ताई. एका वेळी दोन-तीन नळ्या भरल्या.” जणू त्याने गुन्हा कमीच होत होता.

“त्याला कशाला ओरडतेस?” आई मध्ये पडली. “मीच म्हटलं माझं घे म्हणून. रोज पोरगं जिने चढून चढून, शिव्या खाऊन घरी यायचं. जेवण घशाखाली उतरत नव्हतं त्याच्या. रक्त ते रक्त. त्यावर काय माझं नाव लिहिलेलं असतं?”

“लिहिलेलंच असतं, आई.”

मी ढब्बूकडे वळले. “तुझ्या त्या नळ्यांमुळे वॉर्डाचा आकडा अठ्ठेचाळीस झालाय. साठांत एकोणतीस. शुक्रवारी तो दवाखाना उचलतील. नाकाला नळी लावून बसलेली बाई मी आज दुपारी डोळ्यांनी बघून आले.”

“पण कसा झाला अठ्ठेचाळीस?” तो खरोखरच गोंधळला होता. “माझ्या चौदा नळ्यांनी आकडा वाढायलाच नको. त्या निगेटिव्ह येणार म्हणूनच मी...”

“सगळ्या पॉझिटिव्ह आल्यात.”

त्याने हातातला टॉवेल खुर्चीवर ठेवला. “पाच महिने झाले ताई. मला वाटलं, आतापर्यंत उतरल्या असतील.”

“काय उतरलं असेल?”

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तो आवाज जिनाभर येत राहिला.

“कशाला पाच महिने झाले, ढब्बू?”

त्याने आईकडे पाहिलं. आईने शाल पुन्हा अंगावर ओढून घेतली, नीट, दोन्ही बाजूंनी. “मला झाला होता तो ताप,” ती म्हणाली. “बारा दिवस होता. दोन दिवस फार वाईट गेले. मग उतरला.”

मी आठवत गेले. पाच महिन्यांपूर्वी दोन रविवार ढब्बूच दारात आला होता. आईचा घसा बसलाय, म्हणाला. मग आईचा फोन बिघडलाय, म्हणाला. दुधावर, कुलपावर, दुर्बिणीवर संशय घेणारी मी, हे दोन्ही मुकाट्याने गिळून परत गेले होते.

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“दाखल केलं असतं.”

“त्याआधी नोंद केली असतीस.”

मी खोटं बोलू शकले असते. “हो,” मी म्हणाले. “नियम तसाच होता.”

“मावशीची केलीस तशी.”

माझी मावशी, म्हणजे आईची सख्खी बहीण, पहिल्या लाटेत आजारी पडली तेव्हा तिचा नमुना माझ्याच हातून गेला होता. मी तासाभरात नोंद केली. तिला गाडीतून नेलं, चौदा दिवस एका मोठ्या हॉलमध्ये अनोळखी माणसांत ठेवलं, दारावर लाल कागद महिनाभर राहिला. ती बरी होऊन आली आणि त्यानंतर आईशी एक शब्दही बोललेली नाही. मी बरोबरच केलं होतं. आजही मला तसंच वाटतं.

“आणि तुला काही झालं असतं तर?” मी विचारलं.

“ढब्बू होता की,” आई म्हणाली. तिने ते मला टोचायला म्हटलं नव्हतं, म्हणूनच फार लागलं. मला रडू आलं नाही, राग आला. त्याच्यावर, तिच्यावर, आणि त्या बारा दिवसांवर, ज्यांत ती खोकत पडली होती आणि मी अर्ध्या तासाच्या अंतरावर लोकांच्या नळ्या मोजत होते. शहरातला कुठला वॉर्ड आजार लपवतोय हे आम्ही मोठ्या हुशारीने हुडकत होतो. माझ्या आईने तो माझ्यापासूनच लपवला होता.

“ताई,” ढब्बू हळूच म्हणाला, “त्या चौदा तू बाद करू शकतेस ना? नळी फुटली, रक्त साकळलं, काहीही लिही. दवाखाना पण वाचेल. माझं पण...”

“चौदा फुटल्या?”

“सहा फुटल्या. बाकी साकळल्या.”

मला हसू यायला हवं होतं. लहानपणी बरणी फुटली की तो अशाच वाटण्या करायचा, निम्मी मांजराने फोडली म्हणून. “मी उद्या सांगणार आहे,” मी म्हणाले आणि निघाले.

बुधवारी मॅडमच्या टेबलावर मी सगळं ठेवलं. आकडे, गट, फॉर्म, शिंप्याचं म्हणणं. मॅडम बोलतात कमी. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“एकाच व्यक्तीचे चौदा नमुने, इतकं लिहिलंत तरी पुरेल. व्यक्ती कोण हे लिहायची गरज नाही.”

“गोळा करणारा माझा भाऊ आहे, मॅडम. ते तुम्हाला माहीत आहे. रक्त माझ्या आईचं आहे, ते माहीत नाही.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. मी ती रोज दुसऱ्यांवर वापरते. “तुम्हाला हे कधी कळलं?”

“काल दुपारी.”

“आणि सांगताय आज. बरं. तुमच्या भावाने आणलेल्या आधीच्या तीन वॉर्डांच्या प्लेटाही तुम्हीच लावल्यात. त्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतील. तुम्ही नाही, दुसरं कुणीतरी.”

ते काम दुर्बिणीकडे गेलं. त्याला टोमणा मारायची सोन्यासारखी संधी होती. त्याने फक्त माझ्याकडच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि विचारलं, “चहा घेणार?” मी सोमवारची माफी तेव्हा मागितली.

ढब्बूला दुपारी काढलं. पण त्या चौदा घरांचे खरे नमुने उद्या दुपारपर्यंत हवे होते, नाही तर अख्खा वॉर्ड बाद आणि ठरवणारे शेजारच्या वॉर्डाचा आकडा धरणार. तो सत्तेचाळीस होता. तोही पंचेचाळीसच्या वरच. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच जा. मी ढब्बूला फोन केला. येशील का, असं विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून घरं कुठल्या क्रमाने करायची तेवढंच विचारलं.

“शिंप्याकडे सकाळी जाऊ नकोस, सकाळी त्याचे गुडघे दुखतात, चिडका असतो,” तो म्हणाला. “थांब. मीच येतो. नळीला हात लावणार नाही.”

तो आला. काढून टाकलेला माणूस, ओळखपत्राशिवाय, माझ्या पिशवीचं ओझं घेऊन चौदा जिने चढला. कुठल्या घरात कुत्रं आहे, कुठे बाळ झोपतं म्हणून बेल वाजवायची नाही, त्याला सगळं पाठ होतं. प्रत्येक दारात मी नियम सांगायला लागले की तो मध्येच म्हणायचा, “मी मागच्या वेळी तुमच्या नावावर खोटं लिहिलं. त्यापायी माझी नोकरी गेली. आता तुमचं खरं हवंय, नाही तर तो शाळेतला दवाखाना जाईल.” मी पहिल्या दारात त्याच्यावर डोळे वटारले. दुसऱ्या दारापासून गप्प बसले, कारण दारं उघडत होती. शिंप्याने शर्टाची बाही स्वतःच दुमडली आणि ढब्बूला पाण्याचा पेला दिला.

चौदापैकी नऊ घरांनी रक्त दिलं. पाच नकार, नियमात बसणारे. नवांत दोन पॉझिटिव्ह निघाले. पंचावन्नांत सतरा, शंभराला एकतीस. दुर्बिणीने दोनदा तपासून सही केली. दवाखाना राहिला.

त्याआधी, नमुने घेऊन परतलो तेव्हा, प्रयोगशाळेच्या फाटकाशी ढब्बूने पिशवी माझ्या हातात दिली. “आईला अजून काही बोललो नाहीये. नोकरीचं. तिला सांगेन की मशीनने पकडलं. तू सांगितलंस असं नको सांगायला.”

मला ते खोटं हवंसं वाटलं. जिभेवर ‘बरं’ आलंच होतं. “नको,” मी म्हणाले. “मी सांगते.”

संध्याकाळी मी पुन्हा वर गेले, घरात, तिच्या समोरच्या स्टुलावर बसले. आधी तिच्या हातांना मलम लावलं. मग सांगितलं की मी मॅडमना सगळं सांगितलं, नाव घेऊन, म्हणून त्याची नोकरी गेली. मशीनने काही केलेलं नाही. आई ऐकत होती.

“पुन्हा तो ताप आला,” ती सावकाश म्हणाली, “तर कुणाला सांगायचं मी?”

“मला.”

ती मलमाच्या डबीचं झाकण बसवत राहिली. ते बसल्यावरही तिने ते आणखी दोनदा दाबलं.

“बघू,” आई म्हणाली.